बारा लाटा, मग थांबा

उंबरदऱ्याच्या बोगद्यात दरड कोसळल्याची खबर आली, तेव्हा स्वरूपा शेलार घाटाखालच्या बचाव केंद्रात नाश्त्याला बसली होती. फोनवर प्रकल्पाचे सुरक्षाप्रमुख इनामदार होते. आत सहा माणसं अडकली होती. भिंतींच्या अस्तराची तपासणी करायला सकाळी गेलेली टोळी. इनामदारांनी टोळीच्या मुकादमाचं नाव चाचरतच सांगितलं. तिचं आडनाव त्यांना ठाऊक होतं.

मुकादम होता संग्राम शेलार. स्वरूपाचा नवरा.

स्वरूपाने ताट बाजूला सारलं आणि वाळ्याची गाडी बाहेर काढायला सांगितली.

वाळा म्हणजे जमिनीत राहणारा, गांडुळासारखा दिसणारा बारका आंधळा साप. त्याच्यावरून या यंत्राला नाव पडलं होतं. मनगटाएवढं जाड आणि दोन पुरुष लांब असं हे यंत्र. वरून रबराची कातडी, आत हवेच्या कप्प्यांची माळ. मागचे कप्पे फुगून आजूबाजूची माती घट्ट धरायचे, पुढचे लांब व्हायचे. मग पुढचे फुगून धरायचे आणि मागचे आखडून पुढे यायचे. अशी एक लाट अंगातून शेपटाकडून तोंडाकडे गेली की वाळा वीतभर पुढे सरकायचा. ड्रिल यंत्राच्या हादऱ्याने सैल ढिगारा आणखी खाली येतो. वाळा मात्र दगडांच्या फटींतून, चिखलातून अंग चोरत जायचा आणि मागे एक बारीक नळी ओढत न्यायचा. त्या नळीतून हवा जायची, पाणी जायचं, पेज जायची आणि माणसाचा आवाजही जायचा. दरडीखाली सापडलेली कितीतरी माणसं गेल्या काही वर्षांत त्या नळीच्या आधाराने तगली होती.

पण याच वाळ्यावरून नवराबायकोचं बिनसलं होतं. दोघं एकाच आयटीआयमधले, तिथेच जमलेलं लग्न. संग्राम बोगद्याच्या कामाला लागला आणि टोळीचा मुकादम झाला. पुढे वाळ्यासारखी यंत्रं बोगद्याच्या तोंडाशी चाचणीची भोकं पाडायलाही येऊ लागली. ज्या टोळ्या पूर्वी हे काम करायच्या, त्यांतली बरीच माणसं घरी बसली. त्यात संग्रामचे जिवाभावाचे सोबती होते. आणि नेमकी त्याच सुमाराला स्वरूपा वाळा चालवायचं प्रशिक्षण घ्यायला गेली. तू माझ्याच माणसांच्या पोटावर पाय देतेस, असं तो म्हणाला. मी माणसं वाचवायला चाललेय, असं ती म्हणाली. शब्दाने शब्द वाढला. शेवटच्या भांडणात तो म्हणाला होता की डोंगर आधी ऐकावा लागतो, मग खणावा लागतो, आणि तुझं यंत्र आंधळं आहे ते चालेल, पण ते ठार बहिरं आहे. त्यानंतर ती केंद्राच्या खोलीत राहायला आली आणि तो साइटवरच्या छावणीत. फोन व्हायचे, पण कामापुरते.

घाट चढताना हे सगळं तिच्या मनात येत राहिलं.

बोगद्याच्या तोंडापासून थोडं आत गेल्यावर छतापर्यंत भिडलेला दगडमातीचा ढीग होता. सकाळी आतून पाण्याच्या लोखंडी पाइपवर ठोके ऐकू आले होते, म्हणजे माणसं जिवंत होती. मग ढीग आणखी बसला, पाइप तुटला आणि आवाज बंद झाला. काळजी हवेपेक्षा पाण्याची जास्त होती. डोंगरातून झिरपणारं पाणी एरवी गटारातून बाहेर यायचं. आता गटार बुजलं होतं आणि पाणी आतच साठत होतं.

इनामदारांनी तिला बाजूला घेतलं. स्वतःचा माणूस आत असताना चालकाने यंत्रावर बसू नये असा संकेत आहे, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. दुसरा चालक विदर्भात एका कामावर होता. तो येईपर्यंत दिवस मावळला असता.

"मी चालवते," स्वरूपा म्हणाली. "हात थरथरले तर मी स्वतः उठेन."

वाळा ढिगाऱ्यात शिरला. पडद्यावर त्याचा वरचा हुकूम दिसत होता. यंत्राच्या आतला कारभार लाखो ओळींचा. त्या ओळी यंत्रांनीच लिहिलेल्या, आणि त्या सगळ्या वाचणं कुणा एका माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणूनच नियम झाला होता की ज्या यंत्राची माणसाच्या जिवाशी गाठ आहे, त्याचा सगळ्यात वरचा हुकूम मोजक्या ओळींचा आणि साध्या भाषेत असला पाहिजे. चालकाला तो वाचता आला पाहिजे, वेळ पडली तर बदलताही आला पाहिजे. मात्र बदल करताना जाणत्या दुसऱ्या माणसाने तो मोठ्याने वाचून संमती द्यायची. वाळ्याचा हुकूम असा होता:

जोपर्यंत समोर पोकळी लागत नाही, तोपर्यंत: एक लाट पुढे.

प्रशिक्षणात याला व्हाइल लूप म्हणत. थांबायची अट तपासायची, पुरी झाली नसेल तर काम करायचं, पुन्हा अट तपासायची. किती वेळा, ते आधी ठरलेलं नसतं. पोकळी लागली की तोंडावरचा दाब एकदम उतरणार आणि वाळा आपोआप थांबणार.

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. रिळावरची नळी उलगडत होती. मग इनामदारांच्या लक्षात आलं की ढिगाऱ्याच्या अंदाजी जाडीपेक्षा कितीतरी जास्त नळी आत गेली आहे. पोकळी मात्र लागलेली नव्हती.

तेवढ्यात पुण्याहून डॉ. मृदुला आगाशे पोहोचल्या. वाळा त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मला होता आणि स्वरूपाला प्रशिक्षण देणाऱ्याही त्याच. चिखलात चप्पल रुतत असताना त्या तशाच पुढे आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. ढिगाऱ्याच्या मध्ये ओल्या मातीचा मोठा पट्टा असणार. वाळा नेहमी जिथे विरोध कमी तिकडे वळतो. दगडाला तोंड लागलं की तो मऊ मातीकडे कलतो, पुन्हा दगड, पुन्हा कलतो. अस्तरातल्या लोखंडी जाळ्यांमुळे आत होकायंत्राचा उपयोग नाही. म्हणजे तो त्या मऊ पट्ट्यातच घिरट्या घालतोय. तो दमणार नाही, तक्रार करणार नाही. त्याची अट पुरी होत नाही तोवर तो फिरतच राहील.

"मग त्याला दिशा द्यायला हवी," स्वरूपा म्हणाली.

दिशा देता येत होती. वाळ्याच्या तोंडाशी चार बारीक कान बसवलेले होते. आवाज कोणत्या बाजूने येतोय ते त्यांना कळायचं. आतली माणसं खडकात रुतवलेल्या बोल्टवर नक्की ठोकत असतील. पण वाळा सरकताना मातीवर कातडी घासण्याचा एवढा खरखराट व्हायचा की त्याला दुसरं काही ऐकूच येत नसे. आणि तो कधी थांबतच नव्हता.

स्वरूपाला संग्रामचं बोलणं आठवलं. ज्या वाक्याचा तिने इतके महिने राग धरला, त्यात यंत्राचा खरा दोष सांगितलेला होता.

तिने मॅडमना विचारलं, थांबवलं तर?

आगाशे मॅडमनी मान हलवली. "थांबला की ओली माती त्याला धरते. अंगात हालचाल आहे तोवर माती सैल राहते. मी प्रयोगशाळेत दोन वाळे असे गमावलेत, स्वरूपा. कायमचे रुतले. म्हणून तर थांबायची अट एकच ठेवली."

"आणि ती अट आत कधी पुरीच झाली नाही तर?"

मॅडम हट्टी बाई नव्हत्या. आपण केलेली रचना त्यांना पाठ होती, आणि तिचा हा कोपराही त्यांना आता दिसत होता. दुसरा वाळा जवळपास कुठे नव्हता. हा रुतला असता तर आत नळी पोहोचवायचा मार्गच उरला नसता. तसाच फिरू दिला असता तरी परिणाम तोच.

हुकूम बदलायचा हक्क चालकाचा होता. स्वरूपाने पडदा पुढे ओढला.

प्रशिक्षणाच्या पहिल्या परीक्षेत ती नेमकी याच प्रश्नावर अडली होती: दिलेला व्हाइल लूप फॉर लूपमध्ये लिहा. तेव्हा मॅडमनी तिला बसवून समजावलं होतं. व्हाइलमध्ये आपण अट सांगतो, फॉरमध्ये मोजणी सांगतो. मोजणी कुठून सुरू करायची, कुठे संपवायची आणि दर फेरीला कितीने वाढवायची, या तीन गोष्टी ठरल्या की फॉर लूप लिहून होतो. मात्र प्रत्येक व्हाइलचा असा फॉर होत नाही. किती वेळा ते आधी सांगता येत असेल तरच होतो.

इथे किती वेळा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पोकळी किती लाटांवर आहे, हे सांगता येत असतं तर प्रश्नच नव्हता. पण पोकळीपर्यंतची मोजणी करायची गरज नाही, हे स्वरूपाच्या ध्यानात आलं. फक्त पुढच्या थांब्यापर्यंतची करायची. तिथून पुढे जायचं की वळायचं, ते माणूस ठरवेल.

आकड्यावरून दोघींची थोडी हुज्जत झाली. लाटा जास्त ठेवल्या तर दोन थांब्यांच्या मध्ये वाळा पुन्हा भरकटणार. कमी ठेवल्या तर थांबे वाढणार, आणि प्रत्येक थांब्याला माती धरण्याचा धोका. मॅडम पंधरा म्हणाल्या, स्वरूपा दहा म्हणाली. शेवटी बारा ठरले. जुनी ओळ पुसून तिने नवी लिहिली:

मोजणी एकपासून बारापर्यंत, एकेकाने: एक लाट पुढे. मग थांब. ऐक. चालकाला विचार.

नियमाप्रमाणे मॅडमनी ते मोठ्याने वाचलं. मग त्या म्हणाल्या, "संमती आहे."

बारा लाटा झाल्या आणि वाळा थांबला. रिळाची घरघर बंद पडली. इतक्या वेळात पहिल्यांदाच बोगद्यात शांतता झाली. ध्वनिक्षेपकातून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. माती धरायच्या आत स्वरूपाने पुढची फेरी सोडली. दुसऱ्या थांब्यालाही तेच. पाणी ठिबकत होतं.

तिसऱ्या थांब्याला तिने जरा जास्त वेळ कान दिला आणि तिथेच फसली. पुढची फेरी सोडली तेव्हा पडद्यावर मोजणी पुढे जाईना. कप्पे फुगत होते, आखडत होते, पण अंग जागचं हलत नव्हतं. मातीने धरलं होतं.

इनामदार डोक्याला हात लावून खाली बसले. मॅडम तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

स्वरूपाला एक गोष्ट सुचली. जुन्या हुकुमात वाळ्याला आपण किती आलो याची काही खबर नव्हती. आता होती. मागच्या फेरीत त्याने स्वतः सैल केलेली बारा लाटांची वाट त्याच्या शेपटाकडे अजून ओली आणि मोकळी होती. पुढे जोर लावण्यापेक्षा त्या वाटेने नेमकं उलटं यायचं. तिने मोजणी फिरवली: बारापासून एकपर्यंत, एकेकाने कमी, एक लाट मागे. मॅडमनी वाचलं, संमती दिली.

पहिल्या लाटेला काहीच झालं नाही. दुसरीला शेपटाकडचे कप्पे हलले. मग एकदम रिळावरची नळी सैल पडली आणि वाळा मागे आला. मातीतून सुटताना चिखलातून पाय काढावा तसा आवाज आला, आणि तो सगळ्यांनी ऐकला. इनामदार उठून उभे राहिले.

वाळा आपल्या जुन्या जागी येऊन थांबला. आणि त्या शांततेत तो आवाज आला. ठक, ठक, ठक. मग काही नाही. मग पुन्हा ठक, ठक, ठक.

पडद्यावर बारीक बाण उमटला. डावीकडे आणि बराचसा वर. वाळा आतापर्यंत जवळजवळ विरुद्ध दिशेला तोंड करून फिरत होता. स्वरूपाने मान वळवायचा हुकूम दिला आणि बारा लाटा सोडल्या.

त्यानंतरच्या थांब्याला ठोके लगेच आले. त्याच्या पुढच्याला तर वाळा थांबला त्याच क्षणी. आणि मग तिच्या लक्षात आलं की ठोके नुसते लवकर येत नाहीत. वाळा निघायच्या जरा आधी ते बंदही होतात. आतून कुणीतरी वाळ्याचा खरखराट ऐकत होतं. सरकतोय तोवर गप्प बसत होतं आणि बारा लाटा झाल्या की आपला निरोप देऊन जागा मोकळी करत होतं. आधीच्या हुकुमात हे शक्यच नव्हतं. जो कधी थांबत नाही, त्याच्याशी बोलायची वेळ कोणती हे कुणाला कळणार?

"तो मोजतोय," ती म्हणाली.

"कोण?" मॅडमनी विचारलं.

"संग्राम. बारा त्याला कळलेत."

थांब्यामागून थांबा ठोके मोठे होत गेले. बोगद्याच्या तोंडाशी मजूर जमले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी वाळा थांबला की ते श्वास रोखायचे आणि आतून उत्तर आलं की सोडायचे. ऊन अजून समोरच्या डोंगरावर होतं, तेव्हा एका फेरीत आठव्याच लाटेला तोंडावरचा दाब खाडकन उतरला.

पोकळी.

स्वरूपाने मोजणी तिथेच तोडली आणि वाळ्याच्या तोंडावरचा दिवा लावला. पडद्यावर नुसता चिखल दिसत होता, कॅमेऱ्याची काच माखलेली होती. मग एक तळवा आला आणि त्याने काच पुसली. मागे संग्रामचा चेहरा होता, ओठ पाण्यात राहून पांढरे पडलेले.

"कोण आहे तिकडं?" त्याने विचारलं.

"मी."

त्याने तोंड काचेजवळ आणलं. "स्वरूपा?"

"सगळे आहात ना?"

"सगळे आहोत. एकाचा पाय मोडलाय, शुद्धीवर आहे. पाणी मांडीपर्यंत आलंय."

तिने हवा सोडली, नळी आधी जखमी माणसाच्या तोंडाशी धरायला सांगितली. तिच्या पाठीमागे बोगद्यात आरोळी उठली, ती बाहेर गेली आणि घाटभर घुमली. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी डोक्यावरची शिरस्त्राणं एकमेकांवर आपटत होतं. आगाशे मॅडम चिखलातच बसकण मारून रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या.

गलका ओसरल्यावर संग्राम पुन्हा बोलला. "सकाळपासून ठोकतोय. हात भरून आले. तुझं यंत्र अगदी जवळून जायचं, खरखर ऐकू यायची, आणि निघून जायचं. आम्ही ओरडलोसुद्धा. मग ते थांबायला लागलं. पहिल्यांदा वाटलं, बंद पडलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. तेव्हा म्हटलं, आता आपली पाळी आहे."

"उशीर झाला," ती म्हणाली.

"झाला खरा," तो म्हणाला. "पण ऐकलंस."

पुढचं काम सरळ होतं. माणसं नेमकी कुठे आहेत ते वाळ्यामुळे कळलंच होतं. त्या दिशेने सरळ एकेक रुंद पोलादी नळा रेटत नेला आणि पाणी उपसायला पंप लावला. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा पहिला माणूस, पाय मोडलेला, घसरत्या पाटावरून बाहेर आला. मग एकेक करत चौघं. संग्राम शेवटी. तो नळ्यातून रांगत आला, उभा राहिला, आणि उजेडाने डोळे दिपून तसाच उभा राहिला. त्याच्या जुन्या टोळीतली, घरी बसलेली माणसंही खालच्या गावांतून आली होती. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो खाली उतरवा म्हणून सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. शेवटी तो कसाबसा उतरला, गर्दीतून वाट काढत स्वरूपासमोर आला आणि चिखलाच्या दोन्ही हातांनी त्याने तिचे हात धरले. सगळ्यांसमोर.

आगाशे मॅडमनी महिन्याभरात देशातल्या प्रत्येक वाळ्याचा वरचा हुकूम बदलून घेतला. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. उंबरदऱ्याच्या नोंदी तपासताना त्यांना दिसलं की बाणाने दिशा दाखवली खरी, तरी एका थांब्याला दोन खडकांमधून आवाज घुमून बाण चुकला होता. स्वरूपाने तेव्हा बाणाविरुद्ध वळण घेतलं होतं. का, असं त्यांनी विचारलं. त्या बाजूचा ठोका पोकळ, घुमून आल्यासारखा वाटला, असं तिने सांगितलं. हे तिला संग्रामने शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, बोगद्याच्या भिंतीला कान लावायला लावून.

मग ठरलं की प्रत्येक वाळ्यासोबत चालकाच्या शेजारी एक खुर्ची असेल, डोंगर ऐकणाऱ्याची. यंत्र थांबेल, तेव्हा तो कान देईल आणि सांगेल. त्या खुर्च्यांसाठी माणसं शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ज्यांना यंत्रांनी घरी बसवलं होतं, तेच एकेक करत कामावर आले, या वेळी यंत्राच्या शेजारी.

पुढच्या वर्षी दूरच्या एका कोळसाखाणीत छत बसलं. घाटाखालच्या केंद्रातून गाडी निघाली. स्वरूपा चालकाच्या जागी, शेजारी संग्राम. आत चौदा माणसं होती. वाळा कोळशाच्या चुऱ्यात शिरला, बारा लाटा सरकला आणि थांबला. खाणीच्या तोंडाशी जमलेल्या बायका आपोआप गप्प झाल्या. संग्रामने डोळे मिटले, कानांवरचे हेडफोन हातांनी घट्ट दाबले.

स्वरूपा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. पडद्यावर बाण उमटायच्या आतच तो हसला.

"आहेत," तो म्हणाला. "उजवीकडं घे."